फ्रंट रेंजचा हिवाळी वारा: बोल्डर, सुपीरियर, गोल्डनकडे नवीन आलेल्यांनी काय काय करायचं

कोलोराडोत, रॉकी पर्वताच्या पूर्वेकडच्या फ्रंट रेंज या रांगेच्या पायथ्याशी, डेन्व्हरकडे नोकरी लागली, बोल्डर, लुइसव्हिल नाहीतर सुपीरियरला घर घेतलं, खिडकीतून डोंगर दिसतो म्हणून सगळ्या ग्रुपवर फोटो टाकले, आणि मग डिसेंबर-जानेवारीत एका रात्री दोन-अडीचला भिंती हादरताहेत म्हणून दचकून जाग आली, असं इथल्या बऱ्याच मराठी घरांत झालंय. आमच्याकडे २०१३ च्या पहिल्याच हिवाळ्यात झालं. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. आता दरवर्षी कोणी नवीन आलं की मी हे सगळं फोनवर सांगत बसतो, यंदा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

आधी डोक्यातला एक समज काढून टाका. आपल्याकडे वादळ म्हणजे आभाळ भरून येतं, अंधारतं, गार वारा सुटतो, मातीचा वास येतो, म्हणजे दोरीवरचे कपडे काढायला तेवढा वेळ मिळतो. इथला हा वारा तसा वेळ देत नाही. आभाळ निळंशार, ऊन लख्ख, हवा कधीकधी चक्क उबदार, आणि त्यात ताशी ८०-९० मैलांचे झोत. बाहेर बघून तयारीला लागलात तर उशीर झालेला असतो. तयारी करायची ती अंदाज वाचून, आदल्या दिवशी, हवा शांत असताना. बाकी सगळं यावरूनच निघतं.

वारा येतो कुठून

नाणेघाटातला उलटा धबधबा पाहिला असेल तर पटकन कळेल. तिथे पावसाळ्यात कोकणातून येणारा वारा कड्याला आपटून वर चढतो आणि खाली पडणारं पाणी परत वर उडवतो. इथे हवा वरून खाली कोसळते. पश्चिमेकडून येणारा वारा काँटिनेंटल डिव्हाइडचा डोंगरकणा ओलांडतो, तो साधारण ३६०० ते ४००० मीटर उंच, आणि अलीकडे तीसेक किलोमीटरवर बोल्डर आहे फक्त १६५० मीटरवर. म्हणजे तेवढ्यात दोन किलोमीटरची उतरंड.

पण नुसता उतार आहे म्हणून एवढा वेग येत नाही. डोंगरमाथ्याच्या थोडं वर स्थिर हवेचा थर असला की तो झाकणासारखं काम करतो, हवेला वर सुटायला जागा राहत नाही आणि ती माथा आणि झाकण यांच्यामधून चेपून खाली घसरते. खडकवासल्याचं पाणी सोडतात तेव्हा बघायला गेला असाल तर आठवा, सांडव्यावरून उतरताना पाण्याचा थर पातळ, काचेसारखा गुळगुळीत आणि वेग प्रचंड, आणि पायथ्याशी आलं की तेच पाणी एकदम उसळून फेसाळतं आणि पुढे संथ होतं. हवेचं अगदी तसंच होतं. ती उसळी जिथे येते त्याच्या डोंगराकडच्या बाजूला हाहाकार आणि पलीकडे चार-पाच मैलांवर पान हलत नाही. त्यामुळे डेन्व्हरच्या ऑफिसातला मित्र "इथे तर काहीच नाही" म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो, पण त्याच्या म्हणण्यावर तुमची गाडी बाहेर काढू नका. ती उसळीची जागा पुढे-मागेही सरकते, त्यामुळे तासभर शांत झालं म्हणजे संपलं असंही नाही. ११ जानेवारी १९७२ च्या वादळात शास्त्रज्ञांनी विमानं घेऊन हवेच्या या लाटेत (हिलाच माउंटन वेव्ह म्हणतात) जाऊन मोजमाप केलं, आज जगभर अशा वाऱ्यांबद्दल जे शिकवतात त्यातलं बरंचसं त्या एका दिवसावर उभं आहे.

दोन जाती आहेत, दोन्ही ओळखायला शिका. चिनूक हा उबदार. पश्चिम उतारावर चढताना हवेतली वाफ पाऊस-बर्फ होऊन तिथेच पडते, हवा कोरडी होते, आणि कोरडी हवा खाली उतरताना दर किलोमीटरला जवळजवळ १० अंश सेल्सिअस तापते. आपल्या शाळेतला पर्जन्यछायेचा धडा, महाबळेश्वरला ढग रिकामे होतात आणि देशावर कोरडं, तोच प्रकार, फक्त उंची कितीतरी जास्त. साउथ डकोटातल्या स्पिअरफिशला २२ जानेवारी १९४३ रोजी अशा वाऱ्याने दोन मिनिटांत तापमान उणे २० वरून अधिक ७ सेल्सिअसवर नेलं होतं. दुसरा बोरा, त्यात मागून थंड हवा येत असते, वारा तितकाच दांडगा पण बोचरा. चिनूकमध्ये आगीची भीती जास्त, बोऱ्यात वीज गेली तर घर गारठून पाइप फुटायची.

आणि जोर किती असतो याचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा सांगतो. बोल्डरला टेबल मेसाच्या वर ते लालसर इमारतीचं मेसा लॅब दिसतं ना, वातावरण संशोधनवाल्यांचं, तिथे १७ जानेवारी १९८२ ला ताशी १३७ मैलांचा झोत मोजला गेला, म्हणजे ताशी २२० किलोमीटर. गावातल्या जवळजवळ चाळीस टक्के इमारतींचं काही ना काही नुकसान झालं. अशी वादळं रोज येत नाहीत. पण ताशी ७०-८० मैलांचे झोत दर हिवाळ्यात येतात, नोव्हेंबर ते मार्च, जानेवारीत जास्त, आणि बऱ्याचदा रात्री उशिरा ते पहाटे.

घर घ्यायच्या आधी नाहीतर घेतल्यावर तरी, जागा बघा

घर भाड्याने घेताना आपण शाळा, ऑफिसचं अंतर आणि इंडियन ग्रोसरी बघतो. यात अजून एक भर घाला: घर डोंगराच्या पायथ्यापासून किती लांब आहे, एखाद्या कॅन्यनच्या तोंडासमोर आहे का, पश्चिमेला मोकळं गवताळ माळरान आहे की मध्ये घरांच्या दोन-चार ओळी आहेत. पश्चिम बोल्डर, टेबल मेसा, एल्डोराडो स्प्रिंग्ज, मार्शल, सुपीरियर, गोल्डनच्या उत्तरेचा रॉकी फ्लॅट्सचा पट्टा, इथे वारा हमखास. रॉकी फ्लॅट्सजवळ सरकारने पवनचक्क्यांच्या चाचण्यांचं केंद्र काढलंय, ते उगाच नाही. कोणी सांगेल म्हणून घर सोडू नका, मीही सोडलेलं नाही, पण घर मोकळ्या माळाला लागून असेल तर पुढचं सगळं जास्त मनावर घ्या. आणि शेजारी म्हातारं जोडपं असेल तर त्यांच्याशी बोला, कुठल्या बाजूचं कुंपण दरवेळी पडतं ते त्यांना पाठ असतं.

अंदाज कसा वाचायचा

फोनच्या साध्या वेदर ॲपवर विसंबू नका. ते तुम्हाला सूर्य दाखवेल, ३० मैल वारा दाखवेल, आणि झोत ८० चे असतील. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर आपला पिनकोड टाका, बोल्डरच्या ऑफिसचा अंदाज येतो. त्यात वाऱ्याचे दोन आकडे असतात, सरासरी वेग आणि गस्ट म्हणजे झोत. बघायचा तो दुसरा. कुंपण सरासरीने पडत नाही, झोताने पडतं.

मग शब्द. हाय विंड वॉच म्हणजे येऊ शकतो, एक-दोन दिवस हातात आहेत. हाय विंड वॉर्निंग म्हणजे येतोय किंवा आलाच. सपाट भागात ताशी ५८ मैलांच्या झोतांना ही वॉर्निंग लागते, डोंगर आणि पायथ्याच्या पट्ट्यात मात्र ७५ ला, कारण तिकडे साठचा वारा नेहमीचाच, त्यामुळे पायथ्याशी राहत असाल आणि वॉर्निंग नाही म्हणून निवांत बसलात तरी साठ-सत्तरचा मिळू शकतो हे लक्षात ठेवा. तिसरा शब्द सगळ्यात महत्त्वाचा, रेड फ्लॅग वॉर्निंग. हवा अतिशय कोरडी, आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या खाली, वारा जोराचा आणि गवत वाळलेलं, म्हणजे ठिणगी पडली तर विझवता येणार नाही अशी हवा. हाय विंड आणि रेड फ्लॅग एकाच दिवशी आले तर त्या दिवसाचे सगळे बेत बदला, असं मी सरळ सांगतो.

इंग्रजी वाचायला कंटाळा नसेल तर त्याच साइटवर फोरकास्ट डिस्कशन नावाचं पान असतं, तिथे हवामानवाले एकमेकांशी बोलल्यासारखं लिहितात, त्यात माउंटन वेव्ह, बोरा, चिनूक हे शब्द दिसले की समजा. दोन महिने वाचलं की सवय होते, आमची मुलगी आता शाळेत जायच्या आधी ते वाचून सांगते.

आभाळाची एक खूण मात्र खरी आहे. पश्चिमेला डोंगरावर ढगांची भिंत बसलेली, आपल्या डोक्यावर निळी पट्टी, आणि पूर्वेकडे एका सरळ रेषेत सुरू होणारा पांढरा ढग, नाहीतर ताटांची चळत ठेवावी तसे गुळगुळीत भिंगासारखे ढग जागच्या जागी उभे. संध्याकाळी हे फार सुंदर दिसतं. फोटो काढा आणि मग अंगण आवरायला घ्या.

आदल्या दिवशी अंगण आणि घर

हे काम अर्ध्या तासाचं आहे. बाहेर जे काही एका माणसाला उचलता येतं ते वारा उचलतो, हा माझा नियम. प्लास्टिकच्या खुर्च्या, छत्री (पॅटिओची छत्री सगळ्यात वाईट, ती भाल्यासारखी जाते), मुलांची घसरगुंडी, ख्रिसमसचे फुगवलेले पुतळे, सायकली, सगळं गॅरेजमध्ये. ट्रँपोलिन असेल तर ते नुसतं दोरीने बांधून भागत नाही, जमिनीत स्क्रू जाणारे अँकर मिळतात ते चारही बाजूंनी, आणि हिवाळाभर जाळी उतरवून ठेवा, जाळीने त्याचं शीड होतं. आमच्या मागच्यांचं ट्रँपोलिन एकदा दोन कुंपणं ओलांडून रस्त्यावर आलं होतं. आकाशकंदील दिवाळी होऊन गेली तरी आपण त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत बाहेर ठेवतो, नोव्हेंबरच्या वाऱ्यात तो वायरसकट जातो आणि वायर उघडी पडते, तेव्हा बाहेरच्या प्लगमधून काढून आत खिडकीत लावा. तुळस या थंडीत घरातच असणार, पण उन्हाळ्यातल्या रिकाम्या कुंड्या डेकवर राहतात, त्या खाली भिंतीला लागून ठेवा.

कचऱ्याचे डबे: वॉर्निंगच्या दिवशी कचऱ्याची गाडी येणार असेल तर रात्री बाहेर ठेवू नका. एक आठवडा कचरा राहिला तर काही होत नाही, गल्लीभर पुठ्ठे आणि दह्याचे डबे उडाले की शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात. गॅस ग्रिलचा सिलिंडरचा कॉक बंद करा आणि ग्रिल घराच्या पूर्वेला न्या.

अपार्टमेंटमध्ये असाल तर हे सगळं बाल्कनीला लागू, उलट तिसऱ्या मजल्यावरून उडालेली कुंडी जास्त धोक्याची.

घराला लागून काय आहे तेही याच हिवाळ्यात एकदा बघून घ्या. भिंतीपासून पाच फुटांच्या आत वाळकं गवत, लाकडाचा भुसा म्हणजे मल्च, ज्युनिपरची झुडपं नकोत. ज्युनिपर हिरवं दिसतं पण तेलकट असतं, पेटलं की भडकतं. लाकडी कुंपण थेट घराला भिडलेलं असेल तर शेवटचा टप्पा लोखंडी जाळीचा नाहीतर फाटकाचा करून घ्या, कारण पेटतं कुंपण वातीसारखं आग घरापर्यंत आणतं. गटरमधली पानं काढा. पोटमाळ्याच्या व्हेंटला बारीक जाळी, एक अष्टमांश इंचाची, म्हणजे निखारे आत जात नाहीत. भाड्याच्या घरात हे मालकाला ईमेलवर लिहून मागा, बरेच जण करून देतात.

आणि गॅरेजचं दार. वाऱ्यात पश्चिमेचं गॅरेज उघडायचं नाही, हवा आत शिरून दार वाकतं, कधी छतालाही आतून दाब बसतो. लागणारी गाडी आधीच बाहेर आडोशाला लावा.

वीज जाणार असं धरून चाला

पूर्वी फांदी पडून जायची, आता दुसरंही कारण आहे. ६ एप्रिल २०२४ ला कोलोराडोत पहिल्यांदा आगीच्या भीतीने वीज कंपनीने मुद्दाम वीज बंद ठेवली, सुमारे ५५ हजार ग्राहकांची. तेव्हापासून वाऱ्याच्या आदल्या दिवशी असा मेसेज येऊ शकतो, कंपनीकडे आपला सध्याचा फोन नंबर आहे का ते आजच तपासा. यातली एक गोष्ट नवीन लोकांना कळत नाही: वारा थांबला की लगेच वीज येत नाही. तारांची पाहणी करूनच सोडतात, त्याला दिवससुद्धा जातो.

इथली घरं गॅसवर तापतात तरी भट्टीचा पंखा विजेवर, म्हणजे वीज गेली की हीटिंग गेलं. थंड बोरा असेल तर नळ बारीक धारेने चालू ठेवा, सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, सगळ्यांनी एका खोलीत झोपा. फ्रिज उघडला नाही तर चार तास टिकतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस. टॉर्च आणि बॅटऱ्या ठेवा, मेणबत्ती आणि समई या वाऱ्यात नको. देवापुढचा दिवाही मी त्या दिवशी विजेचा लावतो, नाहीतर हात जोडतो. जनरेटर किंवा कोळशाची शेगडी घरात, गॅरेजमध्ये अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणसं झोपेत जातात.

गॅरेजच्या मोटरला लाल दोरी लोंबत असते. ती ओढली की दार हाताने उचलता येतं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा शांत दिवशी ती ओढून दार उचलून बघायचं. हे मुद्दाम सांगतोय, कारण आग मागे लागलेली असताना गाडी आत आणि दार बंद हे घडलेलं आहे.

आग

यावर जास्त लिहितोय कारण यासाठीच हा सगळा लेख आहे.

३० डिसेंबर २०२१, गुरुवार, सुट्टीचा आठवडा. त्या वर्षी वसंतात पाऊस भरपूर झाला होता म्हणून गवत कमरेएवढं वाढलं, मग जुलैपासून डिसेंबरपर्यंत जवळजवळ कोरडं, बर्फ नाहीच, गवत वाळून खडखडीत. त्यात चिनूक, झोत ताशी शंभर मैलांपर्यंत. सकाळी अकरानंतर मार्शलजवळ आग लागली. आम्ही सुपीरियरला घरात, तव्यावर पोळ्या, पहिल्यांदा वास आला तो कोणीतरी शेकोटी केली असेल असा, मग दहा मिनिटांत ऊन नारिंगी झालं. फोनवर काहीही मेसेज नव्हता. समोरचा शेजारी दार ठोठावून म्हणाला निघा. आणि तिथे आम्ही पासपोर्ट कुठल्या कपाटात आहेत ते शोधण्यात दहा-बारा मिनिटं घालवली, ती मला अजून आठवतात. मकॅस्लिन बुलेव्हार्डवर गाड्या मुंगीच्या वेगाने सरकत होत्या आणि दोन्ही बाजूंनी धूर. आमचं घर वाचलं. दोन गल्ल्या सोडून पुढच्या ओळी गेल्या. सुपीरियर, लुइसव्हिल आणि आसपास मिळून १०८४ घरं गेली, ६००० एकरांवर, दोन माणसं गेली, आणि यातलं बहुतेक सगळं काही तासांत. रात्री वारा पडला तेव्हाच आग पडली, आणि दुसऱ्या दिवशी बर्फ आला.

गाव म्हणजे काही जंगल नव्हतं. फूटपाथ, दुकानं, हॉस्पिटल असलेली साधी वस्ती. निखारे वाऱ्यावर पुढे जाऊन कुंपणावर, मल्चवर पडतात, एक घर पेटतं आणि मग घरावरून घर. अशा वाऱ्यात विमानंही उडू शकत नाहीत, अग्निशमनवाले माणसं बाहेर काढण्यापलीकडे फार काही करू शकत नाहीत. म्हणून पळण्याची तयारी आपली आपण.

काउंटीच्या इमर्जन्सी अलर्टला स्वतःहून नाव नोंदवा. घरातल्या प्रत्येकाचा फोन वेगवेगळा नोंदवायचा, भारतातून आलेल्या आई-बाबांचं इथलं सिमसुद्धा. आणि मेसेज आला नाही म्हणून थांबू नका. धूर दिसला, वारा तुमच्याकडे आहे, मन म्हणतंय निघावं, तर निघा. उगाच निघालो असं झालं तर दोन तास वाया जातील, बाकी काही नाही.

बॅग भरलेली ठेवा, नोव्हेंबर ते एप्रिल दाराजवळ. आपल्या लोकांच्या बॅगेत अमेरिकन यादीपेक्षा जास्त कागद लागतात: सगळ्यांचे पासपोर्ट, व्हिसाचे आय-७९७ चे कागद, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, डिग्रीची मूळ सर्टिफिकेटं (विद्यापीठातून परत मिळवायला किती चकरा माराव्या लागतात ते माहितीच आहे), पॅन, आधार, भारतातल्या घराचे कागद असतील तर ते. सगळ्याचे स्कॅन क्लाउडवर. औषधं, चष्मा, चार्जर, थोडी कॅश, दागिने वर्षभर घरात ठेवण्यापेक्षा लॉकरला. आजीचा फोटो किंवा देव्हाऱ्यातली एक मूर्ती न्यायची असेल तर ती कुठली, हे आजच ठरवा. त्या वेळी ठरत नाही.

वॉर्निंगच्या दिवशी गाडीत पेट्रोल अर्ध्याच्या वर, गाडी रस्त्याकडे तोंड करून. बाहेर पडायचे दोन रस्ते ठरवा, एक उत्तरेचा एक दक्षिणेचा, कारण आग पश्चिमेकडून येणार आणि पूर्वेचा मोठा रस्ता सगळ्यांनी भरणार. भेटायची जागा ठरवा, ब्रूमफिल्ड किंवा थॉर्नटनचं एखादं मित्राचं घर. निघताना खिडक्या-दारं बंद करा, कुलूप राहिलं तरी चालेल, शेजाऱ्याचं दार वाजवा.

आई-बाबा हिवाळ्यात आलेले असतील आणि तुम्ही दोघं ऑफिसला जाणार असाल तर वॉर्निंगच्या दिवशी एकाने घरून काम करा. जमत नसेल तर त्यांना सकाळीच पूर्वेकडच्या मित्राकडे सोडा. त्यांना घाबरवू नका पण सांगा नीट, कागदावर मोठ्या अक्षरात पत्ता, आपले नंबर, ९११, आणि शेजाऱ्याचं नाव लिहून फ्रिजवर लावा. माझ्या बाबांना पहिल्या वेळी मी काहीच सांगितलं नव्हतं, ते बिचारे रात्रभर कोणीतरी दार ढकलतंय म्हणून हॉलमध्ये बसून राहिले.

गाडी

गोल्डन ते बोल्डर हायवे ९३ हा या वाऱ्याचा रस्ता, कधीकधी बंदच करतात. कोलोराडोच्या रस्ते खात्याच्या सीओट्रिप साइटवर आधी बघा. चालवावंच लागलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, वेग कमी, आणि ट्रकच्या बाजूने चालू नका, एक तर तो आडवा होऊ शकतो, दुसरं म्हणजे त्याच्या आडोशातून बाहेर आलात की वारा एकदम बाजूने धडकतो. ताजा बर्फ असेल तर वारा तो जमिनीलगत उडवतो आणि वर ऊन असूनही समोरचं काही दिसत नाही. सिग्नल बंद पडले असतील तर प्रत्येक चौक चार बाजूंच्या स्टॉप साइनसारखा धरायचा.

घर हलवताना भाड्याचा ट्रक घेऊन वायोमिंगमार्गे येणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. आय-८० वर लॅरामी ते रॉलिन्स आणि आय-२५ वर व्हीटलँडच्या आसपास हलक्या आणि उंच गाड्यांना बंदी लागते, ती नुसती रिकाम्या ट्रकसाठी नसते. एक रात्र मोटेलला थांबा.

पार्किंगमध्ये गाडीचं नाक वाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक वेळा पश्चिमेला डोंगराकडे. शेपटी वाऱ्याकडे असली की दार उघडताच वारा ते पुढे फेकतो आणि बिजागरी वाकते. मी हे शिकलो ते दुकानाच्या पार्किंगमध्ये साडेसातशे डॉलर देऊन. मुलांना दार उघडू देऊ नका, आपण बाहेरून धरून उघडायचं.

विमानाने येणार असाल तर डोंगरावरून उतरताना गचके बसतात, बेल्ट लावूनच ठेवा, पट्टा सैल करून झोपू नका. ९ डिसेंबर १९९२ ला डेन्व्हरच्या पश्चिमेला याच लाटेत एका मालवाहू डीसी-८ चं इंजिन पंखाच्या तुकड्यासकट तुटून पडलं होतं, विमान तरी सुखरूप उतरवलं. प्रवासी विमानं अशा दिवशी उंची आणि वाट बदलून जातात, त्यामुळे भिऊन तिकीट रद्द करायची गरज नाही.

अंगाचं म्हणाल तर चिनूकच्या दिवशी हवा इतकी कोरडी होते की नाकातून रक्त येतं, ओठ फुटतात, काहींचं डोकं दुखतं. पाणी पीत राहा, नाकात रात्री तुपाचं बोट फिरवा, खोलीत ह्युमिडिफायर.

विमा आणि वारा गेल्यानंतर

पॉलिसी काढून दोन ओळी वाचा. वारा-गारपिटीचं डिडक्टिबल बऱ्याचदा ठरावीक रक्कम नसून घराच्या विम्याच्या एक-दोन टक्के असतं, म्हणजे पाच लाखांच्या विम्यावर पाच ते दहा हजार तुमच्या खिशातून. आणि घर परत बांधायचा आजचा खर्च पॉलिसीत आहे का, घर राहण्यासारखं नसेल तर भाड्याचे पैसे किती महिने मिळतात, हे एजंटला लेखी विचारा. २०२१ नंतर कितीतरी कुटुंबांना कळलं की विमा कमी पडतोय. भाडेकरू असाल तरी रेंटर्स इन्शुरन्स घ्याच, महिन्याला फार नसतो. मग फोन हातात घेऊन घरभर फिरा, प्रत्येक कपाट, ड्रॉवर उघडून व्हिडिओ करा, साड्या, भांडी, पुस्तकं, सगळं. पंधरा मिनिटं लागतात. क्लेमच्या वेळी घरात मिक्सर कुठला होता हेही आठवत नाही, जळालेल्या घरांतल्या आमच्या मित्रांना एकेक चमचा आठवून याद्या कराव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी खालूनच छप्पर बघा, शिंगल्स अंगणात पडल्यात का, फोटो काढा, वर चढू नका. खाली पडलेल्या तारेला चालू समजा आणि लांब राहून ९११ लावा. गॅसचा वास आला तर घराबाहेर. जुन्या वॉटर हीटरची पायलट ज्योत विझलेली असू शकते, गरम पाणी नसेल तर तेही बघा. आणि त्या आठवड्यात दारावर छप्परवाले येतील, गोड बोलतील, आजच सही करा म्हणतील. करू नका, तीन कोटेशन घ्या. सही झालीच असेल तर कोलोराडोत छपराचा करार ७२ तासांत रद्द करता येतो, आणि "तुमचं डिडक्टिबल आम्ही भरतो" म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा, तसं करणं इथे बेकायदेशीर आहे.